रिपोर्ट आल्यावर

अरे, आधी आजाराचं नाव घरात पूर्ण घे. नुसतं 'छातीत गाठ आहे' म्हणालास तर कोणी फुप्फुसाचं समजेल, कोणी हृदयाचं, आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देईल. पुरुषाच्या छातीतही स्तनाच्या पेशी असतात, तिथे कॅन्सर होतो. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये जेमतेम एक पुरुषाचा, म्हणून लोक चकित होतात. होऊ देत. मी यातून गेलोय, म्हणून सांगतो.

ओपीडीबाहेर सगळ्या बायका असतील. पेशंट कोण, असं विचारतील. 'मीच' म्हण. ऑपरेशननंतरची नळीची पिशवी ठेवायला बंडीला आतून खिसा शिवून घ्यायचा, हे मला तिथल्याच एका बाईंनी सांगितलं. काखेतल्या गाठी काढल्या की हात आखडतो. फिजिओ भिंतीवर बोटं चढवायला लावतील, ते चुकवू नकोस. त्या हाताला सूज दिसली तर लगेच दाखव.

बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावं शोध. नसतील तर विचार. पुरुषांत दहापैकी साधारण नऊ गाठी ईआर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या. त्यावर टॅमॉक्सिफेनची गोळी असते, सहसा निदान ५ वर्षं. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. ऑपरेशनच्या दिवशी सगळं घर दवाखान्यात उभं असतं. तिसऱ्या वर्षी गोळी घेतलीस का, हे विचारायला कोणी नसतं. अंगातून गरम वाफा निघतील, चिडचिड होईल, बायकोजवळ जायची इच्छा कमी होईल. या शेवटच्या कारणापायी कितीतरी पुरुष गोळी गुपचूप सोडतात. तू सोडू नकोस. डॉक्टरांना स्पष्ट सांग, सूनबाईशीही बोल. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. या गोळीने रक्ताची गुठळी होऊ शकते. नैराश्यावर दुसऱ्या कुणी औषध दिलं तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांग, त्यातली काही औषधं हिचा परिणाम कमी करतात. आणि ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हण.

पैशांचं म्हणशील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. रेशनकार्ड आणि आधार फाईलमध्येच ठेव. टाटाला जायचं ठरलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची चौकशी कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुरुषाला हा कॅन्सर झाला की जनुकांची तपासणी करायची असते. बीआरसीए-टू या जनुकात दोष निघाला तर तो तुझ्या मुलाकडे किंवा मुलीकडे जायची शक्यता निम्मी, आणि तुझ्या बहिणीतही तो असू शकतो. मुलींना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, मुलांना प्रोस्टेटचा. आधी कळलं तर त्यांच्या तपासण्या वेळेत सुरू होतात. दोष तुझ्या आईकडून आला असेल तर तुझी मावशी आणि आमच्या दोघी मुलीही त्यात आल्या. तेव्हा तो रिपोर्ट हातात पडला की काही असो, मला त्याच दिवशी फोन कर.