समुद्रातील तटबंदी : मन्नारच्या आखाताचे राष्ट्रीय उद्यान



रामेश्वरच्या यात्रेला निघालेली अनेक मराठी कुटुंबे चेन्नईच्या एग्मोर स्थानकावर गाडी बदलतात. हाताशी दोन-तीन तास असतील, तर जवळच्या पँथियन रोडवरील सरकारी संग्रहालय जरूर पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. 1851 साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे. मुले त्याच्यापुढून हलत नाहीत. मला मात्र संग्रहालयाचे एक जुने काम अधिक मोलाचे वाटते. मन्नारच्या आखातातील कुरुसडै या चिमुकल्या बेटाच्या किनाऱ्यावर कोणकोणते जीव राहतात, याची तपशीलवार नोंद त्याने 1927 साली प्रसिद्ध केली. दहावीच्या विज्ञानात अर्धसमपृष्ठरज्जू संघाचे उदाहरण म्हणून येणारा ॲकॉर्न कृमी तिथल्या वाळूत राहतो. सोंड, गळपट्टी आणि प्रकांड हे तीन भाग तुम्ही पाठ केलेच असतील!

एग्मोरहून सुटलेली रामेश्वरची गाडी मंडपमनंतर पांबनच्या पुलावर येते. तिथून दक्षिणेला, तुतुकुडीपर्यंत, बेटांची एक माळ पसरली आहे. एकंदर 21 बेटे आणि भोवतालचा समुद्र मिळून सुमारे 560 चौरस किलोमीटरचे सागरी राष्ट्रीय उद्यान 1986 साली घोषित झाले. आपले मालवणचे सागरी अभयारण्य त्यानंतर वर्षभराने, 1987 मध्ये झाले.

ही बेटे प्रवाळांच्या आधारावर उभी आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य जीव चुन्याची घरे बांधत जातात आणि पिढ्यानपिढ्यांनी त्याची भिंत होते. लाट या भिंतीवर फुटते, तिचा जोर तिथेच ओसरतो आणि मागचा किनारा वाचतो. किल्ल्याच्या तटाचे काम याहून वेगळे काय असते?

या तटाचे दगड माणसानेच काढून नेले. चुनाभट्ट्या, बांधकाम आणि कारखाने यांसाठी वर्षानुवर्षे प्रवाळ खणले गेले. पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली. प्रवाळांची ही खोदाई त्याचे मोठे कारण मानली जाते. 2001 मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. तुतुकुडीजवळचे वान बेट आकसू लागले, तेव्हा त्याच्यापुढे समुद्रात सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे उतरवावे लागले. जे काम प्रवाळ फुकट करत होते, त्यासाठी आता सरकारी तिजोरीतून पैसा जातो. त्यातच पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात. 2010 आणि 2016 मध्ये इथे तसे घडले.

प्रवाळांच्या आड, शांत उथळ पाण्यात, समुद्री गवताची कुरणे आहेत. त्यांवर चरणारा प्राणी म्हणजे डुगाँग. तमिळ लोक त्याला ‘कडल पसु’, म्हणजे समुद्रगाय म्हणतात. कॅरिबियन किनाऱ्यावरचा मॅनाटी हा त्याचा दूरचा भाऊ. डुगाँग सस्तन आहे, फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यामुळे काही मिनिटांनी त्याला वर यावेच लागते. जाळ्यात अडकला की तो गुदमरतो. मादी सुमारे 13-14 महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू देते आणि पुढच्या पिल्लाला अनेक वर्षे लागतात. म्हणूनच एका मादीचा मृत्यू फार महाग पडतो. पाल्कच्या उपसागरात 2022 साली 448 चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र झाले.

तस्करी ही दुसरी डोकेदुखी. समुद्रकाकडी पकडण्यास बंदी असूनही ती सुकवून चोरट्या मार्गाने श्रीलंकेकडे नेली जाते. मंडपमला तटरक्षक दलाचे ठाणे आहे आणि असा माल पकडणे हे त्याच्या नित्याच्या कामांपैकी एक आहे. गणवेशाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एक गोष्ट मात्र पुस्तकात सहसा येत नाही. उद्यान झाल्यावर बेटांवरचा वावर बंद झाला आणि बुडी मारून समुद्री शेवाळ गोळा करणाऱ्या किनाऱ्यावरच्या स्त्रियांच्या पोटावर त्याचा थेट परिणाम झाला. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. जाळ्यात जिवंत डुगाँग सापडला, तर त्याला सोडण्यासाठी कोळ्याला कधी स्वतःचे जाळे कापावे लागते. अशा कोळ्यांना वनखाते बक्षीस देते, पण जाळे हेच त्याचे भांडवल असते, आणि कापायचे की नाही हे त्याला भर समुद्रात, डुगाँगचा श्वास संपण्याआधी ठरवायचे असते.