आधी सांग, मग खोली घे

पोरी, नर्सच्या नोकरीसाठी पुण्यात खोली बघायला जाशील तेव्हा भाडं विचारायच्या आधी एक गोष्ट सांगून टाक: मी ख्रिस्ती आहे, रविवारी सकाळी उपासनेला जाते. आपली नावं-आडनावं अशी की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. साळवे, गायकवाड, भोसले सगळीकडेच असतात, म्हणून गप्प राहायचा मोह होतो. पण गप्प राहिलीस तर पुढे कधीतरी भिंतीवरचा क्रूस बघून घरमालकीण म्हणेल, फसवलंस. आणि तिचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येणार नाही. आधी सांगितल्यावर नाही म्हणाली तर नमस्कार करून पुढचं घर बघ. वाईट वाटेल, दारातून परत पाठवलं की वाटतंच. पण हो म्हणणारी घरंही आहेत. नोकरीच्या काळात मी अशाच घरांत राहिले, आणि तिथल्या बायांनी माझी बाळंतपणंसुद्धा निभावली.

कागदाचं मात्र वेगळं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक आणि घरात एक असं चालतं. त्यांना नावं ठेवू नकोस. पोरांच्या शिक्षणासाठी काय काय गिळावं लागतं ते ज्याचं त्याला माहीत.

दवाखान्यात कुणीतरी विचारेलच, तुम्ही बाटलात ते किती पैशांत? रागावू नकोस, रडूही नकोस. आपला इतिहास पाठ असला म्हणजे आवाज चढत नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात आपल्या नगर जिल्ह्यात माणसं उपाशी मरत होती. मिशनने अन्न दिलं, कामं काढली, आणि त्यानंतर गावोगावचे महार-मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती मंडळीत आले. भुकेल्याने भाकरी घेतली, यात लपवण्यासारखं काय आहे? पण दुष्काळ सरल्यावरही माणसं राहिली. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या पोरांच्या हातात पाटी आली होती आणि प्रभुभोजनाला इतरांच्या बरोबरीने बसायला मिळत होतं. एवढं सांग आणि कामाला लाग. वाद जिंकून कुणाचं मन वळलेलं मी पाहिलं नाही.

सोबत लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ ने. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई काही नवऱ्यामागे निमूट गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं पाळलं, आणि स्वतःला पटलं तेव्हाच पुढचं पाऊल टाकलं. आपल्या माणसांत विश्वास असाही येतो, हे तुला ठाऊक असू दे. टिळकांनी तर तुकोबांचं ऋण उघड मानलं. म्हणून कुणी अभंग म्हणत असेल तर तुला तोंड फिरवायचं कारण नाही.

आता वॉर्डातलं. इथे नीट ऐक. आजारी माणूस सगळ्या बाजूंनी लाचार असतो. त्याचं औषध तुझ्या हातात, पाणी तुझ्या हातात, बेडपॅनसुद्धा तुझ्याच हातात. अशा वेळी तू म्हणालीस, तुमच्यासाठी प्रार्थना करू का, तर नाही म्हणायची हिंमत त्याला होईल का? म्हणून स्वतःहून विचारूच नकोस. त्याने विचारलं, सिस्टर, तुम्ही कुणाला मानता, तर सरळ सांग. त्यानेच प्रार्थना करा म्हटलं तर ड्युटी संपल्यावर, त्याच्या घरच्यांच्या देखत, हळू आवाजात कर. मनात मात्र प्रत्येक खाटेसाठी करत जा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, पण उरलेल्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. आपली सेवा तशीच असली पाहिजे. आपल्यातलेच काही लोक चौकात उभे राहून दुसऱ्याच्या देवांना नावं ठेवतात आणि त्याला साक्ष म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. त्यांच्या बोलण्याची किंमत दुसऱ्या गावातल्या गरीब मंडळीला मोजावी लागते.

गणपतीला मैत्रिणीकडे बोलावलं तर जा. आरतीच्या वेळी बाजूला शांत उभी राहा, जेवायला बस, तिच्या आईला वाढायला मदत कर. प्रसादाबद्दल आपल्या मंडळीत दोन मतं आहेत. पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र वाच आणि तुझं मन काय म्हणतं ते बघ. नको वाटलं तर हसून, हात जोडून नको म्हण. मग नाताळात करंज्या आणि अनारसे त्यांच्या घरी स्वतः नेऊन दे, कुणाच्या हाती पाठवू नकोस.

पहिल्याच आठवड्यात मंडळी शोध. एकटीचा विश्वास फार लवकर थकतो. तिथेही कुणी तुझं गाव आणि आडनाव खोदून खोदून विचारेल, कारण जात आपण वेशीबाहेर टाकून आलो नाही. लग्न जुळवताना ती हटकून बाहेर येते. तू त्या विचारणाऱ्यांत बसू नकोस. जग आपल्याला दूर ठेवतं अशी तक्रार करायची आणि आपणच बाकावर जागा सोडून बसायचं, हे देवासमोर चालणार नाही.

मोबाइलवर मारहाणीचे व्हिडिओ येतील. खरे किती, खोटे किती, शहानिशा केल्याशिवाय एकही पुढे पाठवू नकोस. घटनेचं धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 वाच, त्यातल्या अटींसकट पूर्ण वाच. खरंच कुणी अंगावर आलं तर 112 लावायचा, तारीख-वेळ लिहून ठेवायची, आणि पाळकांना कळवायचं.

तू ज्या पुण्यात निघालीस तिथे 1893 साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवरून केवढा गहजब झाला होता! मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून ओरड झाली, सल्लागार मंडळातले रानडे-भांडारकर बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार बंद केलं नाही. पुढच्या दुष्काळांत त्यांनी केडगावला शेकड्यांनी पोरीबाळी आणि विधवा सांभाळल्या, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि 1922 साली जाईपर्यंत त्याच कामात राहिल्या. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहिलं तेही तू शब्बाथशाळेत शिकलीस: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलं त्याचं भलं मागा. आणि सुटका कधी, तर 70 वर्षांनी. ते पत्र हातात धरणाऱ्या म्हाताऱ्यांना कळलं असणार की आपल्याला काही ती दिसायची नाही. तरी त्यांनी झाडं लावायची होती. मी आशा म्हणते ती ही. सगळं उद्या सुधारेल असं मी तुला सांगत नाही.

कडवटपणा रात्री घेऊन झोपू नकोस. स्तोत्रसंहितेत देवाशी भांडणारी कितीतरी स्तोत्रं आहेत, ती मोठ्याने वाच, त्यासाठीच ती तिथे आहेत.

आणि ड्युटीचं आधीच ठरव. दिवाळीच्या दोन रात्री स्वतःहून माग, पोराबाळांच्या बायांना घरी जाऊ दे. नाताळच्या सुट्टीचा अर्ज ऑक्टोबरातच लेखी दे, नक्कल आपल्याजवळ ठेव. गुड फ्रायडेचा अर्ज विसरतात सगळ्या, तो फेब्रुवारीत देऊन टाक.