आधी रिपोर्ट, मग ताटली

पोरी, तुझ्या कुत्र्याला, मोत्याला लघवीचा त्रास आहे म्हणतेस आणि लगेच विचारतेस, "आत्या, आता याला खायला काय घालू?" आधी आजाराचं नाव कळू दे, मग खाणं ठरवू. मूतखडा वेगळा, मूत्राशयाचा संसर्ग वेगळा आणि किडनी हळूहळू निकामी होणं वेगळं. एकाचं पथ्य दुसऱ्याला बाधतं.

डॉक्टरांकडून रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घे, सोनोग्राफीही करून घे. कागदावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढलेलं दिसतं, तोवर किडनीची सुमारे पाऊण ताकद गेलेली असते. म्हणून कुत्रा पाणी जास्त पिऊ लागला, रात्री उठवू लागला, की थांबायचं नाही.

दुकानात 'युरिनरी' आणि 'रीनल' अशी दोन पाकिटं शेजारी मांडलेली असतात. ती एक नव्हेत. युरिनरीचं बरंचसं खाणं लघवी आम्लधर्मी करतं, काहींत मीठही जास्त असतं. किडनीच्या रुग्णाला ते चालत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेच घे.

खडा असेल तर तो कोणता, ते विचार. स्ट्रुव्हाइटचा खडा पथ्याच्या खाण्याने विरघळू शकतो, पण कुत्र्यांत तो बहुधा संसर्गातून होतो, म्हणून सोबत अँटिबायोटिक लागतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कशानेच विरघळत नाही, त्रास देत असेल तर तो काढावाच लागतो. काढलेला खडा फेकू देऊ नकोस, तपासायला पाठव. पुढचं पथ्य त्यावरच ठरतं. डाल्मेशियन जातीच्या कुत्र्याला युरेटचे खडे होतात, त्याला कलेजी-गुर्दा कायमचा बंद.

किडनीच्या आजारात खरा शत्रू फॉस्फरस. हाडं, कलेजी, दूध, पनीर, चीज, सुकी मासळी, अंड्याचा पिवळा बलक, सगळ्यांत तो भरपूर. एका अंड्याच्या पांढऱ्यात जेमतेम ५ मिलिग्रॅम फॉस्फरस, तर पिवळ्यात ६५ च्या आसपास. म्हणून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग हे उत्तम प्रथिन. पौष्टिक म्हणून नाचणी घालतात, पण तिच्यातही फॉस्फरस आहे. पांढरा भात त्या मानाने हलका.

आपल्याकडे किडनीचं नाव ऐकलं, की मांस तोडून कुत्र्याला नुसत्या दही-भातावर ठेवतात. तसं करू नकोस. प्रथिनं अगदी तोडली तर स्नायू झिजतात, कुत्रा खंगतो. थोडं पण चांगल्या प्रतीचं प्रथिन हवंच. घरी शिजवायचं असेल तर वजनावरून प्रमाण आणि कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड डॉक्टरांकडून लिहून घे. चिकन उकडून वरचं पाणी फेकून दे, फॉस्फरस थोडा त्यात उतरतो. मीठ-मसाला, कांदा-लसूण अजिबात नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे तर विषच, चांगली किडनीही बंद पाडतात.

पाणी कधीही तोडू नकोस. लघवी जास्त करतो म्हणून भांडं उचलून ठेवणं हा अपराध. घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेव, खाण्यातही कोमट पाणी कालव. शहाळ्याचं पाणी मात्र विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम फार, आणि बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

नवं खाणं सात ते दहा दिवसांत जुन्यात मिसळत वाढव. त्याला मळमळत असताना नवं पथ्य सुरू करू नकोस. त्या खाण्याची शिसारी बसली, तर पुढे तो तोंड लावत नाही. आधी ओकारी थांबव, मग खाणं बदल. थोडं कोमट केलंस की वास येतो, भूक चाळवते. फॉस्फरस बांधणारं औषध दिलं असेल तर ते जेवणातच द्यायचं, उपाशीपोटी त्याचा उपयोग नाही.

घरातल्यांना बसवून सांग. आजोबांचं चहाबरोबरचं बिस्किट, मुलांचे वेफर, शेजारच्यांची दूध-पोळी, यातूनच पथ्य मोडतं. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या तर त्याच्या आसपासही नकोत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो नावाचा आजार होतो आणि तो किडनीवर जातो, त्याची दरवर्षीची लस चुकवू नकोस. गोचीडही दिसली की लगेच काढ, तिच्यामुळे येणाऱ्या तापानेही किडनी बिघडते.

दर आठवड्याला वजन कर आणि लिहून ठेव. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त पुन्हा तपास. आणि मोत्या पाय वर करून कण्हतोय, पण थेंबही पडत नाही, असं दिसलं तर पथ्याचा विचार करत बसू नकोस. त्याच क्षणी दवाखाना गाठ, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात.