वर्गांतील दूरसंभाषण

परगांवच्या भावाचें पत्र आलें कीं घरांतील मंडळींनीं भोंवतीं बसावें, एकानें तें मोठ्यानें वाचावें व इतरांनीं ऐकावें, ही रीत आपल्या आजी-आजोबांच्या स्मरणांतील आहे. आज तोच भाऊ परदेशांतून बोलतो, आणि त्याच्या आवाजाबरोबर त्याची मुद्राही आपणांस दिसते. इंटरनेटच्या योगानें साध्य झालेली ही सोय घरोघर पोंचली आहे. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां शिक्षक पडद्यावर व मुलें घरीं, असाही अनुभव सर्वांनीं घेतला. त्या दिवसांचा अनेकांस कंटाळा आला, व तो यथार्थच होता. म्हणून शाळेला हें साधन निरुपयोगी, असें पुष्कळ पालक म्हणतात. या मताची थोडी तपासणी येथें करावयाची आहे.

प्रथम हें साधन चालतें कसें, तें पाहूं. आपला आवाज म्हणजे हवेंतील लहरी. मायक्रोफोन त्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर करतो, आणि यंत्र त्या लहरींची उंची वारंवार मोजून प्रत्येक मापाचा अंक लिहितें. साध्या टेलिफोनच्या दर्जाच्या आवाजास सेकंदाला ८,००० मापें पुरतात. हे अंक लहान लहान पुडक्यांत बांधले जातात. एका पुडक्यांत बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज असतो. प्रत्येक पुडक्यावर पत्ता व अनुक्रमांक असतो. वाटेंत कांहीं पुडकीं मागेंपुढें होतात, कांहीं हरवतात. पलीकडील यंत्र तीं क्षणभर थोपवून क्रमानें लावतें व त्यांतून पुनः आवाज उत्पन्न करतें. पत्र हरवलें तर दुसरें मागवितां येतें; बोलण्यांत तेवढी सवड नसते. म्हणून पुष्कळ पुडकीं एकदम गहाळ झालीं म्हणजे शब्द तुटतो.

काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईहून लंडन सरळ रेषेनें सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. म्हणजे नुसत्या प्रवासालाच निदान ०.०३६ सेकंद लागतो, व पुडकीं बांधण्या-सोडण्याचा वेळ निराळा. एका बाजूचा एकूण विलंब ०.१५ सेकंदाच्या आंत असला तर संभाषणास बाध येत नाहीं. तो फार वाढला कीं दोघेही एकदम बोलूं लागतात व दोघेही एकदम थांबतात. यावरून पहिला नियम निघतो: आपलें वाक्य पुरें करावें, आणि क्षणभर थांबावें.

आतां शिक्षणाकडे वळूं. प्रा. सुगत मित्रा या संशोधकांनीं १९९९ सालीं दिल्लीच्या कालकाजी भागांत एका भिंतींत संगणक बसवून तो वस्तींतील मुलांस खुला केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढें दक्षिण भारतांतील कालिकुप्पम या खेड्यांत त्यांनीं असाच प्रयोग केला. तामिळ बोलणाऱ्या मुलांस इंग्रजींतील जीवशास्त्राचा कठीण विषय संगणकावर दिला. शिक्षक दिला नाहीं. मुलांनीं आपल्याआपण शेंकडा सुमारें ३० गुण मिळविले. मग एका तरुणीस त्यांच्यापाशीं बसविलें. तिला तो विषय ठाऊक नव्हता. तिनें केवळ पाठीशीं उभें राहून "वा! हें तुम्हीं कसें केलें? मलाही सांगा" असें आजीसारखें कौतुक करावयाचें होतें. मुलांचे गुण सुमारें ५० वर गेले. या प्रयोगाचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास हैदराबादच्या मुलांस त्यांनीं विचारलें, "इंटरनेटवरून बोलावयास मिळालें तर तुम्हांस काय आवडेल?" मुलें म्हणालीं, "इंग्लंडांतील आज्यांनीं आम्हांस परीकथा वाचून दाखवाव्या!" २००९ सालीं ब्रिटनमध्यें वर्तमानपत्रांतून तसें आवाहन झालें आणि अनेक निवृत्त शिक्षक व इतर वडीलधारी मंडळी आपखुषीनें पुढें आलीं. पुढें २०१३ नंतर उभारलेल्या अशा सात केंद्रांपैकीं पांच भारतांत होतीं, व त्यांतील एक आपल्या सातारा जिल्ह्यांतील फलटण येथें होतें. या आज्या पाठ पढवीत नसत. त्या गोष्ट वाचीत, प्रश्न विचारीत आणि लक्ष देऊन ऐकत. मुलाचें बोलणें मनापासून ऐकणारें माणूस दुरून कां होईना भेटणें, हेंच या साधनाचें खरें मोल होय.

हें मला माझ्याच चुकीनें उमगलें. एकदां परदेशांत परिचारिका असलेल्या एका माजी विद्यार्थिनीशीं मीं आठवीच्या वर्गाचें संभाषण ठेविलें. पूर्वतयारी कांहींच केली नव्हती. प्रारंभीं सर्वजण ओरडले, मग सर्वजण गप्प बसले. शेवटीं मींच बोलत राहिलों. तास संपल्यावर एक मुलगी घडी घातलेला कागद हातांत घेऊन आली व म्हणाली, "सर, माझा प्रश्न राहूनच गेला." मला फार वाईट वाटलें. महिन्यानें पुनः संभाषण ठेविलें, तेव्हां प्रश्न आधीं लिहून घेतले, त्यांतून दहा निवडले, आणि विचारणारांचा क्रम ठरविला. त्या मुलीनें विचारलें, "ताई, रात्रपाळीस एकट्या असतां तुम्हांस भीति वाटते का?" परिचारिका थोडी थांबली व म्हणाली, "अजूनही वाटते." त्या दोन शब्दांनंतर वर्गांत जी शांतता पसरली, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकानें मला कधीं मिळवून दिली नव्हती.

विद्यार्थ्यांनीं म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्या देशाचा नकाशा व घड्याळ आधीं पाहावें; ब्रिटन आपल्या साडेपांच तास मागें असतें, परंतु उन्हाळ्यांत तेथील घड्याळें एक तास पुढें करीत असल्यामुळें अंतर साडेचार तासच राहतें. बोलणाराखेरीज इतरांनीं आपला मायक्रोफोन बंद ठेवावा. अखेरीस आभार मानावे, आणि दुसऱ्या दिवशीं ऐकलेल्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा. पालकांस विनंति ही, कीं अनोळखी माणसाशीं मुलास एकटें बोलूं देऊं नये. घरचा पत्ता व फोन क्रमांक सांगूं नये. संभाषणाचें चित्रमुद्रण सर्वांच्या संमतीवांचून करूं नये.

ज्या स्काइपनें त्या आज्यांस मुलांपाशीं आणलें, तें २००३ सालीं निघालें व ५ मे २०२५ रोजीं बंद झालें. दुसरीं साधनें त्याची जागा घेत आहेत. तींही एके दिवशीं जातील. प्रश्न विचारण्याचें धैर्य आणि दुसऱ्याचें ऐकून घेण्याची संवय हीं मात्र एकदां अंगीं बाणलीं कीं जन्मभर पुरतात. आणि त्यांचा अभ्यास करण्यास यंत्राची वाट पाहावयास नको. आज सायंकाळीं आपल्या आजीपाशीं बसा, आणि विचारावयाचा राहून गेलेला एखादा प्रश्न तिला विचारा.