गर्भवतीचे श्रम, वजन आणि बालकाचे आरोग्य

निपाणी परिसरातील अनेक स्त्रिया विड्या वळून अथवा तंबाखूच्या वखारीत राबून संसार चालवितात. गरोदरपणातही हे काम सुटत नाही. अशा स्त्रीने आणखी व्यायाम करावा काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. अतिश्रम करणाऱ्या मातांची बालके अधिक लहान, तर पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या मातांची बालके तुलनेने भरदार आढळली. या लहान बालकांतही स्नायू कमी व चरबी अधिक दिसली. अशांना पुढे मधुमेहाचा धोका संभवतो.

म्हणून शेतात राबणाऱ्या गर्भवतीस विश्रांती द्यावी. बसून विड्या वळणारीने अधूनमधून उठावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज अर्धा तास चालावे आणि तंबाखूच्या धुळीपासून दूर राहावे. गरोदरपणात सर्वसाधारणपणे १० ते १२ किलो वजनवाढ अपेक्षित असते. त्याची नोंद आरोग्य केंद्रात नियमित करावी. गर्भवतीस पोटभर आहार व दुपारची विश्रांती मिळवून देणे हे घरातील सर्वांचे कर्तव्य होय.