लत्तलूर आणि लातूर : दोन शब्दांतील अंतर



आमच्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ति मध्यंतरीं अडली होती. दाखल्यावरील व बँकेच्या पुस्तकावरील नांवांत एका कान्याचा फरक होता. संगणकानें ‘नांव जुळत नाहीं’ एवढेंच सांगितलें. फरक किती, हें यंत्रास मोजतां येईल काय, तें आज पाहूं.

उदाहरण आपल्या गांवाचेंच घेऊं. राष्ट्रकूटांच्या लेखांतील लत्तलूर म्हणजेच आजचें लातूर, असें मानितात. संगणक काना व हलन्त हीं चिन्हेंहि स्वतंत्र मोजतो. म्हणून ‘लातूर’चीं चिन्हें ५ व ‘लत्तलूर’चीं ७.

आतां नियम असा :

१. एक शब्द संपल्यास दुसऱ्याचीं उरलेलीं चिन्हें मोजावीं, तेंच अंतर.

२. दोहोंचें पहिलें चिन्ह सारखें असल्यास तें सोडून उर्वरित भागांस हाच नियम लावावा.

३. भिन्न असल्यास तें बदलणें, नवें घालणें किंवा असलेलें गाळणें, अशा तीन वाटा. प्रत्येक वाटेनें उरलेल्या भागांस पुन्हां हाच नियम लावावा आणि सर्वांत लहान उत्तरांत १ मिळवावा.

नियम स्वतःलाच हांक मारतो. यास ‘रिकर्शन’ म्हणतात. प्रत्येक हांकेस शब्द आंखूड होत जातो व पहिलें कलम त्यास थांबवितें. तें कलम विसरल्यास आज्ञावली थांबणारच नाहीं.

‘लातूर’चें ‘लत्तलूर’ करण्यास कान्याच्या जागीं त, मग एक हलन्त व पुढें एक ल हवा, अंतर ३. हें माप रशियन गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनीं १९६५ सालीं मांडलें. तीन वाटांमुळें त्याच जोड्या वारंवार येतात. म्हणून आलेलें उत्तर कोष्टकांत टिपून ठेवावें. येथें ६ × ८ म्हणजे ४८ घरें पुरतात.

तथापि ‘सत्त’चें ‘सात’ झालें, त्याच रीतीनें ‘लत्त’चें ‘लात’ झालें, हें आपला कान ओळखतो. यंत्रास तेथें दोन फरक दिसतात. तसेंच ‘रमा’ व ‘रामा’ यांतील अंतर १, पण माणसें दोन! लहान अंतर म्हणजे चौकशी करण्याची सूचना, निकाल नव्हे. आमच्या विद्यार्थिनीचें कामहि जन्मतारीख व पालकांचीं नांवें माणसानें पडताळल्यावरच मार्गीं लागलें.

अभ्यास : नांदेडचें जुनें नांव नंदितट मानितात. या दोहोंतील अंतर कागदावर काढा. उत्तर ४ आलें पाहिजे.