गुंडाळलेली वीसची नोट

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 34 वर्षं काढली. नोटेचा कागद मला डोळे मिटूनही कळतो. तरी धाकट्याच्या जीन्समध्ये सारखी सापडणारी वीसची नोट मला कळली नाही. धुण्याआधी हिने खिसे तपासले की निघायची. उशीखाली दाबून ठेवली तरी पुन्हा नळीसारखी वळायची, एका टोकाला पांढरट. "काय रे हे?" "काही नाही पप्पा, चाळा." मला पटलं. त्या नळीतून तो नाकाने एमडी ओढत होता.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. दारूसारखा वास नाही, झोकांड्या नाहीत. पोरगं उलट तरतरीत दिसतं. रात्र रात्र जागतं, जेवणाला शिवत नाही, दात खात बसतं. मग दिवसभर मेल्यासारखं झोपतं, आणि उठवलं की अंगावर येतं. आम्ही म्हणायचो, स्पर्धा परीक्षेचा ताण.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी आमच्या शेजारच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला. शेकडो कोटींचा माल, बातम्याच बातम्या. मुक्तिधामजवळ चहा पिताना "असल्यांना फासावर द्या" असं सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो. घरी धाकट्याने तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता.

मग दोन पोरं दारात आली. "काका, चाळीस हजार द्यायचेत त्याने." शेजारी ऐकतील म्हणून मी मुकाट दिले. तुम्ही देऊ नका. फेडलं की पोराची बाजारातली पत वाढते. महिन्याभरात आकडा साठावर गेला.

मी मारलंही. नवस केला. कुणी सांगितलेली पावडर गुपचूप चहात घातली, तिच्यात काय होतं देव जाणे. "लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर" म्हणणारे तर पैशाला पासरी भेटले. एवढं एक पाप मात्र मी केलं नाही.

हे सगळं करण्याआधी 14446 हा नशामुक्तीचा सरकारी क्रमांक फिरवायला हवा होता. फोनला पैसे पडत नाहीत. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं होतं. एमडी सोडवणारी हुकमी गोळी नाही. झोप, चिडचिड, नैराश्य यांवर औषधं असतात, बाकी समुपदेशन आणि चिकाटी. पोलिसांच्या भीतीने मी वर्ष घालवलं. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर एनडीपीएस कायद्याच्या कलम 64-अ प्रमाणे त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, हे वकिलाने नंतर सांगितलं.

शेवटी पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेली ही संस्था. घरी आल्यावर तो एकदा घसरला. पुन्हा नेलं. आता फोन साधा, हातात रोकड नाही, आणि जुने मित्र दिसले की तो स्वतःच रस्ता बदलतो.

एक राहिलं. हिची पोत गेली तेव्हा आम्ही कामाच्या मावशींवर आळ घेतला, त्यांना काढून टाकलं. पोत त्याने विकली होती. गोरेवाडीला मावशींच्या घरी आम्ही तिघं गेलो. त्याने पाय धरले. मावशींनी चहा ठेवला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली. कामाला मात्र परत आल्या नाहीत.